हातात किती?

वेल्हे तालुक्याला आता राजगड म्हणायचं, पण आमच्या खोऱ्यात नोकरी लागण्याची रीत जुनीच आहे. कुणीतरी ओळखीचा हवा. मला लाभले नसरापूरचे मामा. सख्खे नव्हेत, आईच्या माहेरगावचे म्हणून मामा. पिंपरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते, हजेरी आणि पगाराच्या चिठ्ठ्या कोळून प्यायलेले. त्यांनी मला नोकरी लावली नाही, हे आधीच सांगतो. लावली असती तर उपकार एखाद्या वेळेस फिटलेही असते.

भोरच्या आयटीआयमधून फिटर होऊन निघालो तेव्हा दोन बोलावणी होती. एक चाकणचं, दुसरं नीरा ओलांडली की लागणाऱ्या शिरवळचं. चाकणचा आकडा मोठा, म्हणून मी हरखलेलो. मामांनी एवढंच विचारलं, "देनार किती ते कळलं. हातात किती पडनार?"

मग कागदावर वजाबाकी मांडली. आजच्या आकड्यांत सांगतो. एकूण पगार 16,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000. पीएफ 12 टक्क्यांनी 1,680, ईएसआय पाऊण टक्क्यानं 120, व्यवसाय कर 200. हातात 14,000. (मुलींना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही.) पीएफवर मी कुरकुरलो, तर मामा म्हणाले, "त्यो कापला न्हाई, साठला. मालकबी तेवढाच घालतो. खातं उघडलंय का, ते बघ." ईएसआयचं कार्ड तर त्यांना पगाराइतकंच मोलाचं वाटे. प्रेसवर बोट गेलेली पोरं त्यांनी पाहिली होती.

वजाबाकी तिथं थांबली नाही. चाकणची खोली, खानावळ, गावी यायची एसटी हे सगळं त्यांनी खाली लिहिलं. भोरला आत्याकडे राहून शिरवळला गेलो तर जास्त उरत होतं. "चाकनचा पगार चाकनलाच ऱ्हातो," हा त्यांचा निकाल. सगळ्यांना तो लागू पडेल असं मी म्हणत नाही. हातात चांगला ट्रेड असेल तर चाकणला वाढायला जागा अधिक. मी शिरवळ धरलं.

तिथल्या ठेकेदारानं मूळ दाखले ठेवून घ्यायचं काढलं. मामांनी बजावलं होतं, म्हणून झेरॉक्सच दिल्या. तो चिडला, पण कामावर घेतलं. पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन गेलो, तर मामांनी आधी पगाराची चिठ्ठी मागितली, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि मगच पेढा तोंडात टाकला.

आता आमच्याकडची पोरं माझ्याकडे येतात. मीही कुणाला नोकरी लावू शकत नाही. त्यांना एकच सांगतो: हातात किती पडणार ते विचारा आणि नेमणूकपत्र मागून घ्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकावर बंधनकारक आहे.