उभ्या गाडीचा हिशेब

९ जानेवारी २०२४, क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना

राहती गाडी समतल करण्यातच सकाळ गेली. फ्रिज गॅसवर चालतो. गाडी कलती राहिली की तो रुसतो. म्हणून चाकांखाली फळ्या सरकवायच्या. हे पाणसळ घेऊन आत, मी स्टिअरिंगवर. "अगं, अजून बोटभर!" असं दहादा ओरडून झाल्यावर चहा.

इथे गाडी उभी करून राहायचा परवाना १८० डॉलरचा. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा मोसम त्यात राहता येतं. थोडेच दिवस राहायचं असेल तर चौदा दिवसांचे ४० डॉलर. आम्ही एप्रिलपर्यंत इथेच. महिन्याला साठ डॉलरसुद्धा पडत नाहीत. वीज, पाणी, सांडपाणी जोडून देणाऱ्या खाजगी पार्कात महिन्याला सहज सहाशे-आठशे मोजावे लागतात, तेही जागा दिली तर. आमची गाडी २००६ ची. वाटेत एका पार्कवाल्याने दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाही म्हणून फाटकातूनच परत पाठवलं. माणूस पंचावन्नच्या पुढचाच हवा, गाडी मात्र कोवळी हवी!

इथली जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. केंद्र सरकारचं हे खातं साडेचोवीस कोटी एकर सांभाळतं, बहुतेक सगळी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत. गायरानच की हे. गाई चरतात तशा चरतात, हिवाळ्यात त्यांच्या जोडीला म्हातारे येतात.

आमची गाडी गॅलनला नऊ मैल देते. हजार मैल फिरलं की साडेतीनशे डॉलरचं पेट्रोल, म्हणजे जवळजवळ दोन मोसमांचे परवाने. घरात चाकं असली म्हणून ती फिरवलीच पाहिजेत असं नाही, हे तरुणपणी पटलं नसतं. स्वस्तात राहायचं तर गाडी उभी ठेवायची.

१२ जानेवारी

टाक्या तीन. चांगल्या पाण्याची, मोरी-बेसिनच्या पाण्याची आणि संडासाची. शेवटच्या दोघींना इथे करडी आणि काळी म्हणतात. चांगलं पाणी दीडशे लिटर मावतं. शेजारपाजारच्यांचं ते चार-पाच दिवसांत संपतं, आमचं दुप्पट टिकतं. डोंबिवलीच्या चाळीत नळाच्या वेळा सांभाळत वाढलेल्या बाईला पाण्याची काटकसर कोण शिकवणार? शॉवर बंद, बादली-तांब्या सुरू. भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवायची, कारण खरकटं करड्या टाकीत गेलं की दोन दिवसांत गाडीभर वास. तांदूळ धुतलेलं पाणी आमटीला. भाकरीची परात तेवढी जड जाते. पिठाचा राप निघता निघत नाही, म्हणून भाकरी आठवड्यातून एकदाच, एरवी पोळ्या.

आज काळी टाकी रिकामी केली. ला पोसाच्या डंप स्टेशनवर सात-आठ गाड्यांची रांग. हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची, तिचं दुसरं तोंड जमिनीतल्या भोकात घट्ट बसवायचं आणि खटका ओढायचा. नळीच्या कोपराला पारदर्शक तुकडा असतो. आतलं वाहणं थांबलं की नाही, ते त्यातूनच बघायचं. आधी काळी, मग करडी, म्हणजे मागून येणारं साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. हे काम ह्यांचं आणि ते मन लावून करतात. सासूबाईंनी पाहिलं असतं तर बोल मात्र मलाच लागला असता.

१५ जानेवारी

संक्रांत. तीळ फिनिक्सच्या देशी दुकानातून आणले होते. शेजारणीला तिळगूळ दिला आणि 'गोड बोला'चा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मी कधी कडू बोलले?"

चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. ओरेगनमध्ये शाळेची बस चालवायची. नवरा गेला, भाडं वाढत राहिलं, सोशल सिक्युरिटीच्या पैशांत भाडं आणि औषधं दोन्ही बसेनात. तिने भाडं सोडलं. आता तिचं घर म्हणजे एक पांढरी व्हॅन. आत पलंग, त्याखाली खोकी, खिडकीत तुळशीच्या नात्यातलं बेझिलचं रोप. हिवाळा इथे. उन्हाळ्यात सरकारी जंगलातल्या कॅम्पग्राउंडवर यजमानीण. जागा फुकट मिळते, बदल्यात पैसे गोळा करायचे, राख उपसायची, संडास धुवायचे.

जेसिका ब्रूडरचं २०१७ चं 'नोमॅडलँड' अशाच माणसांवर आहे. त्यावरच्या क्लोई झाओच्या सिनेमाला ऑस्करही मिळालं. मी विचारलं, पाहिलास का? म्हणाली, "पाहिला. त्यात संडास धुणं फार लवकर आटपतं."

आमची काटकसर हौसेची आहे. न्यू जर्सीचं घर भाड्याने दिलंय, कंटाळा आला की परतू. 'भाड्याविना निवृत्ती' म्हणून ह्या जगण्याची जाहिरात करणारे आम्हाला आणि तिला एकाच ओळीत बसवतात, तेव्हा राग येतो. परवाना तिचाही तोच आणि तेवढ्याचाच, पण तिचा गिअरबॉक्स गेला तर तिचं घर गेलं.

१९ जानेवारी

मुलाच्या मित्राचा फोन. आईवडील पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना राष्ट्रीय उद्यानांचा सीनियर पास काढता येईल का? नाही येत. बासष्ट पूर्ण झालेला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा. पण जिथे गाडीमागे पैसे घेतात त्या राष्ट्रीय उद्यानांत पासवाला गाडीत असला की बाकीचेही त्याच पासवर आत जातात. म्हणजे आईवडिलांना कॅन्यन दाखवायला ग्रीन कार्डवाला काका शोधायचा.

पास आयुष्यभराचा, ८० डॉलर. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो १० डॉलरला मिळायचा. ह्यांनी तेव्हा दहाला घेतला, मला नंतर ऐंशी पडले. अजून ऐकवतात. सरकारी कॅम्पग्राउंडचं भाडंही त्यावर बहुतेक ठिकाणी निम्मं होतं. खरं तर दोघांत एक पुरतो. तरी मी माझा वेगळा काढला. का, ते ह्यांनी विचारलं नाही.

मेडिकेअरचं, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्यविम्याचं, मात्र आधीच नीट बघायला हवं. ॲडव्हान्टेज योजना हप्त्याला स्वस्त दिसतात, पण बहुतेकींचे डॉक्टर घराजवळच्या जाळ्यातले. फिरस्त्याला मूळ मेडिकेअर आणि तिला जोडलेली पूरक पॉलिसी बरी. मेडिकेअर घेणारा डॉक्टर कुठल्याही राज्यातला चालतो.

२३ जानेवारी

गावात चक्कर. एरवी अडीच हजारांच्या आतली वस्ती, सध्या पाय ठेवायला जागा नाही. मोठ्या तंबूत गाड्यांचं प्रदर्शन भरलंय. तंबूतून सहा डॉलरची झाकणाची रबरी कडी घेऊन बाहेर पडलो, हा आमचा पराक्रम.

मग हाजी अलीला गेलो. वरळीचा नव्हे. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. इथल्यांच्या तोंडी त्याचा 'हाय जॉली' झाला. १९०२ मध्ये इथेच वारला. थडग्यावर दगडी पिरॅमिड, टोकाला तांब्याचा उंट.

२६ जानेवारी

ह्यांच्या दाढेसाठी मेक्सिको. मूळ मेडिकेअर दातांचा नेहमीचा खर्च देत नाही, म्हणून यूमाजवळची सीमा चालत ओलांडून लॉस अल्गोदोनेसला जायचं. गाव एवढंसं, पण दंतवैद्य शेकड्यांनी. लोक त्याला 'मोलर सिटी'च म्हणतात. पलीकडच्या कॅनेडियन जोडप्याच्या छोट्या गाडीतून चौघं गेलो, पेट्रोल वाटून घेतलं. दाढेवरच्या टोपीला आमच्या न्यू जर्सीच्या डॉक्टरने सांगितलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे पडले. परतताना पासपोर्टच्या रांगेत दीड तास. रांगभर काठ्या, वॉकर आणि सुजलेले गाल.

३० जानेवारी

अंधार पडल्यावर आता आम्ही दोघंही गाडी चालवत नाही. ह्यांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायचीय, मला समोरच्या दिव्यांचा त्रास होतो. एवढी मोठी गाडी मागे घेताना मान वळत नाही, हेही खरं. मुलगा दर रविवारी विचारतो, अजून किती वर्षं? मी हवामान सांगते.

शेजारणीने आज एक पत्रक दिलं. एस्केपीज हा ह्या फिरस्त्यांचा जुना क्लब, १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन ह्या जोडप्याने काढलेला. टेक्ससमध्ये लिव्हिंग्स्टनला त्यांचं केंद्र आहे. चालवणं सुटलेले, आजारी पडलेले सभासद तिथे आपली गाडी कायमची उभी करतात आणि त्याच गाडीत राहतात. जेवण मिळतं, मदतीला माणसं असतात. घर तेच, बिछाना तोच.

"टेक्ससला उकाडा फार," हे म्हणाले.

"डोंबिवलीपेक्षा?"

बोलले नाहीत. पण रात्री पेट्रोलच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी फोन नंबर उतरवून घेतलेला दिसला. उद्या पाणी भरायचंय, सातच्या आत निघायला हवं, नाहीतर रांगेत दहा वाजतील.