कागदावरील वेष

नाटकातील पोशाखाचे चित्र म्हणजे केवळ शिंप्याला दिलेली सूचना नव्हे, हे मला नाथान आल्टमन यांच्या रेखाटनांनी शिकविले. १९२२ साली मॉस्कोत हबीमाने हिब्रूतून सादर केलेल्या ‘दिब्बुक’ नाटकातील भिकारी त्यांनी वाकड्या अंगांनी, मोडक्या रेषांनी चितारले. वस्त्राआधी त्यांनी दुःख रेखाटले होते.

पुरीमच्या शालेय नाटकासाठी एस्तेर राणीचे चित्र काढताना मी मात्र सवयीने युरोपीय झगाच काढला. एका विद्यार्थिनीने हळूच विचारले, “बाई, माझ्या आजीचे नऊवारी लुगडे चालेल का?”

मी खोडरबर उचलला. आपल्या आज्यांना राणीच्या रूपात पाहण्यास मुले नव्हे, मीच लाजत होते, हे त्या क्षणी उमगले.