वाघ सापडतो, कागद सापडत नाही

फोनवर ‘मोहर्ली’ एवढंच टाईप करून बघा. माझ्याकडे आधी सफारी बुकिंग येतं, मग रिसॉर्ट, मग जिप्सीसमोरून रस्ता ओलांडणारी वाघीण. ताडोबाचं गेटच इथे आहे, त्यामुळे नवल नाही. पण गेटबाहेर माणसंही राहतात आणि त्यांना सर्चमध्ये वेगळंच काही हवं असतं.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काकांची गाय वाघाने मारली. पंचनामा झाला. भरपाई किती, कागद कोणते, हे बघायला त्यांनी मला सांगितलं. “वाघानं गाय मारली, भरपाई, असं टाकून पाह्य ना बाबू.” टाकलं. जुन्या बातम्या आल्या, यूट्यूब व्हिडिओ आले. शासन निर्णय आला नाही. तो नेटवरच होता, हे दोन दिवसांनी एका ओळखीच्याने फाईल पाठवली तेव्हा कळलं. फाईलचं नाव म्हणजे नुसता लांबलचक आकडा. शीर्षकात ‘पशुधन’ होतं, ‘गाय’ नव्हती.

मी वेबसाईट बनवून पोट भरतो, त्यामुळे हा गुंता ओळखीचा आहे. सर्च इंजिनचा बॉट एका लिंकवरून दुसरीवर जातो. ‘जिल्हा निवडा, तालुका निवडा’ आणि मग कॅप्चा, अशा दारामागे तो सहसा पोचतच नाही. स्कॅन करून चढवलेला कागद म्हणजे फोटो; अक्षरं ओळखता आली तर आली. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली पीडीएफ तर खास मराठी दुखणं. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण कॉपी-पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी. बॉटच्या ताटात तीच खिचडी पडते.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक योजनेला आणि गावाला स्वतःचं पान, न बदलणारा पत्ता. मजकूर युनिकोडमध्ये, शीर्षक लोकांच्या बोलीतलं. गावाचं नाव रोमन लिपीत जितक्या प्रकारे लिहितात, तितके प्रकार पानावर. सगळ्या पानांची यादी देणारा साईटमॅप. आकडेवारी असेल तर स्कीमा डॉट ऑर्गच्या ‘डेटासेट’ खुणा. २०१८ साली आलेला गूगलचा डेटासेट सर्च त्याच वाचतो.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या. पलीकडच्या ग्रामसभेला गेल्या हंगामात काय भाव मिळाला, हे फोनवर सापडलं तर ठेकेदारासमोर बसताना बोलायला बळ येतं.

माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याचं कलम ४ सांगतं की माहिती स्वतःहून जाहीर करा, लोकांना सहज मिळेल अशी करा आणि स्थानिक भाषेचा विचार करा. म्हणजे फाईल अपलोड झाली की काम संपलं, असं नाही. सापडत नाही ती माहिती गरिबाला विकत घ्यावी लागते: चंद्रपूरचं बसभाडं, बुडालेली मजुरी, एजंटचे पैसे.

तुमच्या गावाचं नाव घालून एक प्रश्न सर्च करा, घरात विचाराल त्याच शब्दांत. उत्तर नाही आलं तर त्या कार्यालयाला कळवा, आणि तुम्ही टाकलेले शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा. पानाचं शीर्षक त्यांना तिथेच मिळेल.