सुकाऊची नदी आणि आपली कढई

मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस. ‘ओरांग हुतान’ म्हणजे रानातला माणूस. आपण ज्या लालसर केसांच्या वानराला ओरँगउटान म्हणतो, त्याचं हे मूळ नाव. आणि ‘ओरांग सुंगाय’ म्हणजे नदीचा माणूस. बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबाह राज्यात, किनाबातांगान नदीकाठी राहणाऱ्या लोकांना याच नावाने ओळखतात. एकाच नदीच्या आधाराने हे दोन्ही ओरांग पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. त्यांच्यातला बहुतेक नदीचा माणूस मुसलमान आहे. रानातल्या माणसाचा धर्म कोणी विचारत नाही, पण त्याचं घर मात्र झपाट्याने कमी होत गेलं आहे.

या नदीवर सुकाऊ नावाचं छोटं गाव आहे. जंगल आणि प्राणी पाहायला येणारे बरेचसे प्रवासी तिथेच उतरतात. आम्ही नवरा-बायकोही एका जुलैमध्ये तिथे चार दिवस राहिलो. आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस असतो, तिकडे पावसाचा खरा जोर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. किनाबातांगानची लांबी सुमारे ५६० किलोमीटर. साबाहमधली ही सगळ्यात मोठी नदी, सुलू समुद्राला मिळणारी. पाणी चहासारखं तपकिरी. नदीत मगरी आहेत, त्यामुळे पाय धुवायलाही कोणी सहज उतरत नाही. वाशिष्ठीच्या मगरी ऐकून-पाहून मोठा झालेला मी कोकणातल्या खाडीकाठचा माणूस. मला या नियमाचं फार नवल वाटलं नाही.

आपलेपणा वाटावा असं आणखीही बरंच होतं. भेटल्यावर लोक विचारत, ‘आपा खबर?’ म्हणजे काय खबर, कसे आहात. हत्तीला ते ‘गाजाह’ म्हणतात, जमिनीला ‘बुमी’, भाषेला ‘बहासा’ आणि शिक्षकाला ‘गुरू’. संस्कृत, अरबी शब्दांची ही ये-जा जुन्या व्यापारी गलबतांबरोबर झालेली. फजरला गावातल्या मशिदीत गेलो. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत सुरू केली, तेव्हा आपल्याच मोहल्ल्यात उभा असल्यासारखं वाटलं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई आणि मलय मुसलमानही शाफई. मुंबईत नोकरीनिमित्त हनफी मशिदीत नमाज पढणाऱ्या कोकणी माणसाला फजरची कुनूत घरापासून इतक्या दूर ऐकायला मिळणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

सुकाऊत पाहुणा प्राणी पाहतो तो होडीतून. पहाटे एक फेरी, दुपारी चारच्या सुमारास दुसरी. गावाजवळ मेनांगुल नावाची अरुंद उपनदी मोठ्या नदीला मिळते. तिच्यात शिरलं की दोन्ही काठांची झाडं डोक्यावर येतात. धनेश पक्ष्यांच्या पंखांचा सूं-सूं आवाज ते दिसण्याआधी ऐकू येतो. तिरंदाज पक्षी पंख पसरून वाळवत बसलेले असतात. ऊन कलू लागलं की लांब नाकाची माकडं काठावरच्या झाडांवर गोळा होतात. ही माकडं फक्त बोर्निओतच आढळतात. नराचं नाक तोंडावर लोंबतं, पोट सुटलेलं असतं. डच वसाहतवाल्यांवरून मलय लोकांनी त्यांचं नाव ‘डच माकड’ ठेवलं. परक्या साहेबाची थट्टा करायची रीत सगळीकडे सारखीच. मुक्कामाला ती पाण्यालगतचं झाड धरतात. एका बाजूला नदी असली की बिबट्यासारख्या शिकाऱ्याची भीती एकाच बाजूने उरते.

तिसऱ्या दिवशी एका अंजिराच्या झाडावर ओरँगउटानची मादी दिसली, पोटाशी पिल्लू घट्ट धरलेली. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फळं तोडू लागली. ओरँगउटानच्या मादीला साधारण सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू होतं. तेवढी वर्षं ती त्याला कोणतं फळ कधी पिकतं, झोपायला घरटं कसं बांधायचं, हे शिकवत असते. एक मादी मारली गेली की किती वर्षांचं नुकसान होतं, याचा अंदाज यावरून यावा.

चार दिवसांत इतकं पाहून होडीतले सगळे प्रवासी खूश होते. आम्हीही होतो. पण इतके प्राणी इतक्या सहज का दिसतात, याचं उत्तर सांडाकन शहराहून सुकाऊला येताना रस्त्यावरच मिळालं होतं. गाडी दोन-अडीच तास चालते आणि बहुतेक वाट दोन्ही बाजूंना एकच झाड दिसतं, तेलमाडाचं. शिस्तीत, ओळीने, टेकड्या ओलांडून पलीकडे जाणारं. मधूनच लालसर-शेंदरी फळांच्या घडांनी भरलेले ट्रक. ही फळं तोडल्यावर दिवसभरात गिरणीत पोचावी लागतात, नाहीतर तेलाचा कस उतरतो. म्हणून गिरण्याही बागांच्या जवळच. गेल्या शतकाच्या मध्यापासून इथली मोठी झाडं लाकडासाठी तुटली आणि १९८० नंतर त्या जमिनींवर तेलमाड पसरला. नदीकाठी जंगलाच्या पट्ट्या आणि तुकडे तेवढे उरले. २००५ साली त्यातले दहा तुकडे मिळून सुमारे २७,००० हेक्टरचं अभयारण्य घोषित झालं. कधीकाळी शेकडो मैलांत विखुरलेले प्राणी आता या पट्ट्यांत दाटीने राहतात. पूर आलेल्या गावात उंचवट्यावरच्या एका घरात सगळी आळी गोळा व्हावी, तसं. होडीतून दिसणारी समृद्धी ही त्या दाटीची आहे.

या तुटलेल्या जंगलाला टाके घालण्याचं काम गावातलेच लोक करतात. ओरँगउटानला पोहता येत नाही. पूर्वी मेनांगुलसारख्या उपनद्यांवर दोन्ही काठांच्या थोराड झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतायच्या आणि तो वरच्या वर पार व्हायचा. ती झाडं गेली, वाट तुटली. १९९८ पासून सुकाऊत काम करणाऱ्या ‘हुतान’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अग्निशमन दलाच्या जुन्या पाइपांचे झुलते पूल झाडाझाडांत बांधले. बरीच वर्षं वाट पाहिल्यावर ओरँगउटान ते पूल वापरताना दिसले. नदीच्या वरच्या अंगाला बातू पुतेह गावात सहकारी संस्था आहे. पाहुण्यांना घरी उतरवायचं आणि त्या मिळकतीबरोबर जंगलात पुन्हा झाडं लावायची, असा तिचा उद्योग. सहकार म्हटलं की साखर कारखानाच डोळ्यांपुढे येणाऱ्या आपल्या लोकांनी तो जरूर पाहावा.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्यांना सगळे ‘पाकचिक’ म्हणत, म्हणजे चाचा. तरुणपणी ते लाकूडतोडीच्या कामावर होते. आता पाहुण्यांची होडी चालवतात आणि गावाबाहेर त्यांची थोडी तेलमाडाची बागही आहे. जेवणात नदीची मोठी कोळंबी होती, बांबूच्या सापळ्यात धरलेली. मुलगा मोडक्या इंग्रजीत दुभाषाचं काम करत होता. तेलमाडाबद्दल विचारलं तेव्हा पाकचिक शांतपणे म्हणाले, “जंगलाने मला वाढवलं, तेलाने माझ्या पोरांना शिकवलं. आता पाहुणे नातवंडांना शिकवतायत. यातलं मी कुणाला नको म्हणू?”

हत्तींबद्दलही त्यांचं बोलणं असंच दुहेरी होतं. बोर्निओचे हत्ती आपल्या हत्तींपेक्षा लहान चणीचे. सगळे मिळून आता सुमारे १,००० उरले आहेत. कळप जुन्या वाटेने नदीकाठी फिरतो आणि मध्ये आलेल्या बागेत कोवळे तेलमाड खाऊन जातो. पाकचिकची रोपंही एकदा खाल्ली होती. हे ऐकताना मला दोडामार्ग आठवत होतं. तिथेही डोंगरउतारांवरचं रान काढून रबराच्या बागा झाल्या, तिथेही कर्नाटकातून हत्ती येतात आणि माडाची, केळीची नासधूस होते. शेतकरी आणि हत्ती समोरासमोर येतात. ज्यांच्या निर्णयाने रान गेलं ते त्या वेळी कुठेच नसतात.

सुकाऊजवळ किनाबातांगानवर एक मोठा पूल व्हायचा होता. पलीकडच्या गावांना रस्ता मिळेल, असं त्याची बाजू घेणारे म्हणत. त्या रस्त्याने हत्तींचा आधीच चिंचोळा झालेला पट्टा कापला जाईल, असं अभ्यासकांचं म्हणणं होतं. डेव्हिड अॅटनबरो यांनीही विरोध नोंदवला. २०१७ साली तो रद्द केल्याचं साबाह सरकारच्या वनप्रमुखांनी जाहीर केलं. निसर्गप्रवासी म्हणून मला ते बरं वाटलं. पण पावसाळ्यात तराफ्याची वाट पाहत आजारी माणूस घेऊन बसण्याचा प्रसंग काय असतो, हे कोकणातल्या खाडीपलीकडच्या गावांनी अनुभवलेलं आहे. पूल झाला नाही, तर त्या गावांना दवाखाना आणि चांगली फेरी मिळायलाच हवी. हत्ती वाचवल्याचा आनंद आपला आणि त्याची किंमत फक्त त्यांची, हा सौदा इन्साफाचा नाही.

आता आपल्या कढईकडे येऊ. पाकचिकच्या घरी चुलीशेजारी तेलाची पिशवी होती. बायकोने ती उचलून पाहिली आणि म्हणाली, “हे तर आपल्याकडचंच.” खरंच होतं. जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे. वर्षाला साधारण ८०-९० लाख टन. मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. रेशनचं पामोलीन आपल्या पिढीला आठवत असेल. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखरेबरोबर एक लिटर पामतेल होतं. पाकिटातली शेव, बिस्किटं, नूडल्स, अंगाचा साबण. बारीक अक्षरं वाचली की बऱ्याच ठिकाणी ते सापडतं. रमजानच्या संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यांतल्या कढयांत किती तळलं जातं, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. समोसे, भजी, कटलेट; त्यातला बराचसा ऐवज मगरिबनंतर दस्तरखानावर तसाच उरतो.

पामतेलावर बहिष्कार टाका, असं मी म्हणणार नाही. एका हेक्टरमधून तेलमाड तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. उद्या सगळ्यांनी पामतेल सोडून सोयाबीन धरलं, तर तेवढ्याच तेलासाठी कितीतरी पट जमीन लागेल आणि दुसरीकडचं कुठलं तरी जंगल जाईल. शिवाय गरिबाच्या घरात फोडणी कशाने पडायची, हे भरल्या पोटाच्या माणसाने ठरवू नये. माझं म्हणणं उधळपट्टीबद्दल आहे. तिला आपल्याकडे इस्राफ म्हणतात आणि ती मना आहे, हे लहान पोरालाही माहीत असतं. वाहत्या नदीच्या काठी बसला असाल तरी वजूला पाणी बेताने घ्या, अशी शिकवण मला दादीने दिली होती. नदी आटणार नाही हे तिलाही ठाऊक होतं. दर नमाजाच्या आधी हाताला बेताची सवय लागावी, एवढाच त्यातला अर्थ. तो हात नळाखाली बेताने वागतो, मग कढईत तेल ओतताना का विसरतो?

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचं तेलमाडाचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. आयात कमी व्हावी, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण या अभियानात खास भर ईशान्येकडची राज्यं आणि अंदमान-निकोबारवर आहे. आपल्या देशातली उरलीसुरली वर्षावनं नेमकी तिथे आणि सह्याद्रीत आहेत. किनाबातांगानला जे चाळीस वर्षांत झालं, ते आपल्यापुढे लिहून ठेवल्यासारखं आहे. पडीक किंवा आधीच शेतीखाली असलेल्या जमिनीवर तेलमाड लावणं वेगळं आणि रान काढून लावणं वेगळं. कोणती जमीन, कुणाची, तिथे आधी काय होतं, एवढे तीन प्रश्न प्रत्येक लागवडीबद्दल विचारले गेले पाहिजेत. ते विचारायला अरुणाचल किंवा मिझोरमचा रहिवासी असायची गरज नाही. ते तेल आपल्याच घरात येणार आहे.

बोर्निओला जाणं प्रत्येकाला जमणार नाही आणि जमण्याची गरजही नाही. जे जातील त्यांनी गावातल्या घरी उतरावं, गावातलीच होडी घ्यावी, म्हणजे उभ्या जंगलातून चार पैसे नदीच्या माणसालाही मिळतील. जे जाणार नाहीत त्यांच्यासाठी या रमजानला एक साधा हिशेब सुचवतो. महिन्याला घरात तेल किती आलं आणि तळून किती फेकलं गेलं, हे एका वहीत लिहून ठेवा. जमिनीची अमानत सांभाळण्याबद्दल आपल्याकडे तकरीरी भरपूर होतात. त्या वहीतला आकडा कमी झाला, तर त्यातली एखादी तकरीर आपण खरोखर ऐकली असं म्हणता येईल.