परिषदेनंतरचा मोकळा दिवस : नार्वे ते तेरेखोल

पणजीत भाषाविषयक परिषद भरली की समारोपानंतरचा दिवस पाहुण्यांना मोकळा मिळतो, आणि त्या दिवसाच्या सहलीत बहुधा कळंगूटचा किनारा व मांडवीतील नौकाविहार एवढेच असते. मी बेळगावचा. चोर्ला घाट उतरून साखळीत येणाऱ्याला गोवा डोंगराच्या बाजूने भेटतो. म्हणून बडोदे व इंदूर येथून आलेल्या दोन प्राध्यापक स्नेह्यांना मी त्या दिवशी डिचोली आणि पेडणे या तालुक्यांत घेऊन गेलो.

जाताना पुलाचा रस्ता टाळावा. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर यावे आणि बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्वे गाठावे. हा देवाचाही मार्ग आहे. कदंबांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीचे. पोर्तुगीजांनी ते देवालय पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्यात आले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथे देवालयाचे काम सुरू झाले. शके 1590 चा, म्हणजे सन 1668 चा शिलालेख तेथे आहे. लेख संस्कृत, लिपी देवनागरी. 2023 मध्ये देवालयाचे नूतनीकरण पूर्ण झाले. इंदूरच्या स्नेह्यांनी लेख हळूहळू लावला, आणि ‘कार्तिक’ हा शब्द सापडताच त्यांचा चेहरा उजळला.

तेथेच माझी फजिती झाली. सीमालढ्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते : कोणी दिसले की त्याची भाषा विचारायची आणि मनातल्या वहीत नोंदवायची. आवारात एक आजी नातवाशी कोंकणीत बोलत होत्या आणि थोड्या वेळाने मराठी आरती पुटपुटू लागल्या. मी विचारले, “आजी, आपली भाषा कोणती?” त्यांनी मला नीट न्याहाळले. म्हणाल्या, “घरा उलयतां ती कोंकणी, आरती म्हणटां ती मराठी. देवाक दोनूय कळटात.” बडोद्याचे स्नेही मोठ्याने हसले, त्यांच्या घरात मराठी, अंगणापलीकडे गुजराती. मला मात्र हसू आले नाही. बेळगावात आमचा हक्क मोजताना हाच प्रश्न लागतो, आणि येथे तो अगदी उर्मट वाटला.

मयेचे तळे वाटेवर आहे. दहा मिनिटे थांबावे, अधिक नको. हरवळ्याला मात्र वेळ द्यावा. जांभ्या दगडात कोरलेल्या गुंफा, आत लिंगे, आणि जवळच रुद्रेश्वराचे देवालय व धबधबा. पावसाळ्यानंतर गेल्यास पाण्याचा आवाज दुरूनच ऐकू येतो.

जेवणानंतर अस्नोडा, कोलवाळ असे करीत पेडण्याकडे वळलो. रोमन लिपीतील पाटी पाहून बडोद्याचे स्नेही ‘पेर्नेम’ म्हणाले. त्यांचा दोष नाही. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटचा ‘एम्’ हा व्यंजन म्हणून उच्चारायचा नसतो. तो आधीचा स्वर नाकातून काढण्याची खूण असतो. पेडणें, मयें, हरवळें या नावांतला अनुनासिक पोर्तुगीज कारकुनाने त्या अक्षराने टिपला. ‘ड’साठी त्याच्याजवळ अक्षर नव्हते म्हणून ‘र’ आला. 1962 च्या लेखननियमांनी आपण असे अस्पष्ट अनुस्वार लिहिणे सोडले. कोंकणीने ते जपले. म्हणजे त्या परकीय पाटीत आपल्याच आजोबांचे शुद्धलेखन शिल्लक आहे! हे सांगितल्यावर दोघेही हरमल, मोरजी, मांद्रे येथपर्यंतच्या पाट्या मोठ्याने वाचू लागले; गाडीचालक वैतागला.

पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले, बाटवाबाटवीचा जोर ओसरल्यानंतर. म्हणून या नव्या काबिजादीत देवळे टिकली, आणि देवळांबरोबर कीर्तन, दशावतार आणि मराठी पोथीही. भगवतीच्या देवळात क्षणभर बसावे. कोजागरीच्या सुमारास परिषद असेल तर पेडण्याची पुनव चुकवू नये. बाजारातली बोली ऐकावी. सावंतवाडीकडची मालवणी कोठे संपली आणि ही कोठे सुरू झाली, हे माझ्या कानाला सांगता आले नाही.

संध्याकाळी केरीहून फेरीने तेरेखोलला गेलो. नदीच्या उत्तरेकडील हा गोव्याचा तुकडा. मागे लगेच सिंधुदुर्गातील रेडी. सावंतांकडून 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला किल्ला, आत चर्च. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी येथे तिरंगा फडकवला. तटावर उभे राहून इंदूरच्या स्नेह्यांनी विचारले, “यातली हद्द नेमकी कोणती?” मी हात उचलला, दाखवू लागलो, आणि झाडीत मलाच ती सापडेना.

शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवावी. आम्ही विचारली नव्हती. धावत सुटलो, आणि फेरीवाल्याने दोर सोडता सोडता आम्हांला आत घेतले.