लोट्याची सावली

खेड मागे टाकून परशुराम घाटाकडे निघालेल्या प्रवाशास लोटे येथील रासायनिक कारखान्यांची वसाहत पाहून क्षणभर विसावावे असे सहसा वाटत नाही. परंतु आज, वैशाखाच्या ऐन मध्यान्ही, महामार्गालगत आंब्याच्या छायेत पाट्या मांडून बसलेल्या स्त्रियांपाशी मी थांबलो, आणि अर्धा तास कसा सरला ते उमगले नाही. पानांच्या द्रोणांत करवंदे, जांभळे, पेंढ्यात निजलेला हापूस, आणि एका सुपात घरची आमसुले! रातांब्याची साले त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवावी लागतात, बियांचे तेल थंडीत भेगाळल्या टाचांना लावतात, हे सारे एका मावशींनी मजजवळ सविस्तर कथन केले. कोकणच्या हापुसास 2018 साली भौगोलिक मानांकन लाभले, ते यथोचितच. येथे मात्र मावशी तळहातावर एक करवंद ठेवतात, आणि जिन्नसाची खातरजमा तेवढ्यात होते. दलालाची दस्तुरी नसलेला हा रोख पैसा थेट कष्टकरी हाती पडतो, म्हणून घासाघीस करणे मला अनुचित वाटले. मृगाच्या सरी कोसळल्या की या पाट्या उठतात. वाचकहो, तत्पूर्वी त्या वाटेने जाणे झाले, तर अवश्य थांबा.