बोट निघाली भोसरीला!

पुण्यातला नोकरदार माणूस पैसे साठवून काय घेतो? वाकडला फ्लॅट, मुळशीकडे एखादा प्लॉट, नाहीतर वीकेंडला मिरवायला बुलेट. आम्ही तिघा मित्रांनी बोट घेतली. तीही सेकंडहँड. आणि घेतली ती घेतली, समुद्रात सोडायची तर बोरघाट चढवून थेट भोसरीला आणली!

हसून घ्या. ऑफिसात महिनाभर तेच चाललं होतं. ‘खडकवासल्यात टाकणार का रे?’ हा प्रश्न तर लिफ्टमध्येसुद्धा. नाही टाकणार. खडकवासला म्हणजे पुण्याचं पिण्याचं पाणी. तिथं एनडीएचे कॅडेट्स बोटी चालवायला शिकतात, आपण चौपाटीवर कणीस खायचं. आमची बोट दिवाळीनंतर परत खाली मांडव्याला जाणार. मग वर आणली कशाला?

त्याचं उत्तर म्हणजे निखिलचे वडील, अप्पा. पुण्याला समुद्र नाही, पण इंजिनं आहेत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ची, कमिन्स १९६२ची. अशा मोठ्या कारखान्यांच्या आधारानं पिंपरी, चिंचवड, भोसरीत गल्लोगल्ली छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. त्यातल्याच एका शेडमध्ये अप्पांनी तीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली आणि जोडली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये शटर खाली आलं ते पुन्हा वर गेलंच नाही. लेथ विकला गेला. शेडलाही गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्या पैशावर निखिलच्या फ्लॅटचं गणित बसत होतं. अप्पा ‘विकून टाक’ म्हणायचे आणि पेपर तोंडासमोर धरायचे.

अशात आम्हाला नवी मुंबईच्या बाजूला, खाडीकाठच्या एका यार्डात ही बोट दिसली. सव्वीस फूट लांब, फायबरची, तीस वर्षांची, छोटी केबिन, खाली एकच डिझेल इंजिन. मालक काका तिला ‘यॉट’ म्हणत, मग आम्हीही म्हणायला लागलो. भाव साडेचार लाख. मी तर चेकबुक घेऊनच गेलो होतो! निखिलनं डोकं चालवलं आणि अप्पांना सोबत घेतलं.

अप्पांना बोटीतलं काही कळत नव्हतं, हे त्यांनीच आधी सांगून टाकलं. पण त्यांनी पहिल्यांदा इंजिनावर हात ठेवला. ‘गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालवलंत का?’ काका गडबडले. जुनं इंजिन गार असतानाच चालू करून बघायचं, हा पहिला धडा. गरम इंजिन आपली दुखणी लपवतं. मग ते पूर्ण गार होईपर्यंत आम्ही दोन तास वडापाव खात बसलो. तेवढ्यात अप्पांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं बोटीचं सगळं अंग ठोकून पाहिलं. बहुतेक ठिकाणी टणटण वाजलं, मागच्या बाजूला बद्द. बद्द म्हणजे फायबरच्या आतलं लाकूड कुजलंय. इंजिनातलं तेल चहासारखं दुधाळ असतं, तर आत पाणी शिरलंय असं समजून आम्ही सरळ घरी आलो असतो. ते काळंच निघालं. गार इंजिन चौथ्या प्रयत्नात चालू झालं, भरपूर धूर ओकत.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचे नोंदणीचे कागद पाहिले, त्यावरचा इंजिन नंबर जुळवला आणि पावणेचार लाखांवर सौदा ठरला. पंच्याहत्तर हजार अप्पांनी वाचवले. परतीच्या वाटेवर पनवेल सोडल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘इंजिन बाहेर काढावं लागेल. शेडमध्ये जागा आहे.’

मागच्या सीटवर निखिल गप्प. शेडचं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबायला तयार होईल का, हा फोन त्याला करायचा होता.

आता वाहतूक. बोट पाण्यात तरंगते तेव्हा सगळीकडून सारखी उचललेली असते. ट्रेलरवर ठेवली की सगळा भार एका जागी येतो. म्हणून तिचं वजन खालच्या मधल्या कण्यावर बसवायचं. बाजूचे टेकू फक्त ती कलंडू नये म्हणून. त्यासाठी लाकडी घोडा बनवून घ्यावा लागतो. डिझेलची टाकी रिकामी, तळातलं पाणी बाहेर, रेलिंग आणि दिव्याचा खांब काढून केबिनमध्ये. आणि सगळ्यात आधी मोजपट्टी! रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद माल न्यायचा तर वेगळी परवानगी लागते. आमची बोट २.५ मीटर. थोडक्यात वाचलो.

उंचीत मात्र फसलो. ठरवला होता बुटका ट्रेलर, आला नेहमीचा उंच. त्यावर बोट चढवली असती तर केबिनचं छप्पर वाटेतल्या कुठल्यातरी कमानीला टेकलं असतं. क्रेन परत पाठवली, तिचं दिवसाचं भाडं गेलं, आमची एक सुट्टी गेली. दुसऱ्या रात्री बरोबर ट्रेलर आला. पहाटे तीनला निघालो. अप्पा ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागून कारमध्ये.

खालापूरच्या अलीकडे थांबून पट्टे तपासले. चांगले चार बोटं सैल झाले होते. पुन्हा आवळले आणि घाटाला लागलो. पहिल्या गिअरवर ट्रेलर कण्हत होता, मागे ट्रकांची रांग, आणि उजाडत्या डोंगरात बोटीचा पंखा आमच्या काचेसमोर. १८३०चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, ती जागा आली तेव्हा मी नकळत मान खाली घातली. तो असता तर? खंडाळ्याला ट्रेलरचा आवाज बदलला, चढ संपला. तोवर गाडीत कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

नऊला भोसरीत. शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं बाहेर आली. शटर चार वर्षांचं गंजलेलं, तिघांनी लावून वर ढकललं.

पावसाळाभर आमचे शनिवार-रविवार तिथंच गेले. क्रेन, ट्रेलर, घोडा, फायबरचं काम, नोझल, गास्केट असं धरून पावणेचार लाखांची बोट सात लाखांच्या घरात गेली. तुम्ही असलं काही घेणार असाल तर किमतीइतकीच रक्कम बाजूला काढून ठेवा, आणि ओळखीचा एक अप्पा शोधा. गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत थांबलंय. त्यानंतर शेड जाईल, निखिलला फ्लॅट मिळेल. बोटीची जागा रिकामी झाली की अप्पा काय करतील, ते आम्ही अजून विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी इंजिन चालू केलं. थंड ठेवायला समुद्राचं पाणी नाही, म्हणून दोनशे लिटरचा ड्रम भरून त्यात पाइप सोडला. पहिल्याच प्रयत्नात लागलं! मागच्या नळीतून पाणी भसाभस शेडच्या फरशीवर. सगळी गल्ली शटरशी जमलेली, कुणीतरी नारळ आणायला धावलं.

दहा मिनिटांनी अप्पांनी बंद केलं. हात पुसत म्हणाले, ‘ड्रम संपत आला. उद्या परत लावू.’

उद्या सोमवार होता. मी सुट्टी टाकली.